नक्षी केली की अक्षर ओळखूच येत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कट निबने (चपट्या, कापलेल्या टोकाच्या निबने) साधी अक्षरं चांगली येतात, पण मजकुराचं पहिलं अक्षर मोठं काढून सजवलं की वाचताच येत नाही. दोष बहुधा हाताचा नाही, नक्षीच्या जागेचा आहे.

देवनागरीत काही अक्षरांची ओळख एवढ्याशा खुणेवर टिकलेली असते. 'ब'च्या पोटात वेलबुट्टी भरली की आतली तिरकी रेघ बुजते आणि 'व' उरतो. 'ष'चा 'प' तसाच होतो. 'ध' आणि 'भ' यांना तर शिरोरेषेतली फट जपावी लागते; रेषा सजवण्याच्या भरात ती भरली, की 'घ' आणि 'म' वाचले जातात. म्हणून मी आधी पेन्सिलने अक्षराचा नुसता सांगाडा काढतो, अशा खुणेभोवती पुसट गोल करतो आणि त्या गोलात शेवटपर्यंत काहीही घालत नाही.

मग सजावट कुठून काढायची? जिथे निब एरवी कागदावरून उचलली जाते, तिथून. 'र'ची शेपटी, 'ह'चं खालचं टोक, वेलांटी, उकार. वळसा लंबगोलाच्या अंगाने जाऊ द्या आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवा. रेघा एकमेकींना काटकोनाच्या आसपास छेदू देत. दोन जाड रेघा मात्र एकमेकींवर आणूच नका, तिथे नुसता काळा ठिपका दिसतो.

मोठं अक्षर एका फटकाऱ्यात जाड करू नका. बारीक निबने दोन्ही कडा काढा, मग आतला भाग भरा. रोमन लिपीतली 'व्हर्सल' अक्षरं, म्हणजे जुन्या हस्तलिखितांत मजकुराच्या सुरुवातीला येणारी मोठी अक्षरं, अशीच बांधतात. तिथे उंची साधारणपणे दांड्याच्या जाडीच्या ८ पट धरतात आणि दांड्याच्या कडा मध्यावर किंचित आत घेतात. हा बाक डोळ्यांना जाणवेल न जाणवेल इतकाच हवा. पट्टीने आखलेला दांडा मला तरी निर्जीव वाटतो. देवनागरीच्या काना-दांड्यालाही हा बाक फार शोभतो, जरूर करून बघा.

सोन्याचा वर्ख लावणार असाल तर तो रंगाच्या आधी लावा, कारण रंगात डिंक असतो आणि वर्खाचे कण त्याला चिकटतात. बारीक बाह्यरेषा सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला 'ल' किंवा 'ग' घ्या. 'ध' आणि 'भ' हात बसल्यावर.