झुलींचं मशीन राहू द्या, आधी शेकडा तीनचं कर्ज फेडा

लोह्याच्या वाचकाचं पत्र: वरातीचे चार घोडे आहेत. 1 लाख 60 हजारांचं मोठं वॉशिंग मशीन कर्जावर घेऊन इतरांच्याही झुली धुतल्या तर महिन्याला 20 हजार सुटतील. घ्यावं का? सावकाराचे 1 लाख शेकडा तीनने आहेत. पॉलिसीचे 48 हजारांचे पाच हप्ते भरलेत. 20 वर्षांत दुप्पट मिळणार आहेत.

मशीन घेऊ नका. उबेच्या झुली धुतल्या जातात त्या थंडी सरल्यावर, एकदाच. माळेगावच्या यात्रेतली ओळख धरूनही 150 झुली आल्या, तर 200 रुपयांनी 30 हजार, तेही वर्षाचे. त्यातूनच टँकर आणि वीज. 14 टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता मात्र वर्षाला 66 हजार.

खरं दुखणं तुम्ही विचारलंच नाही. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. 36 हजार व्याजात जातात, मुद्दल जिथल्या तिथे. आणि ज्या पॉलिसीत वर्षाला 48 हजार भरता, तिचं ते ‘दुप्पट’ म्हणजे जेमतेम सहा टक्के! एजंटाने हा हिशेब तुम्हाला मांडून दाखवायला हवा होता.

शाखेतून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हाती येणारी रक्कम, लेखी घ्या. पाच हप्त्यांनंतर भरलेल्याच्या निम्मे, म्हणजे 1 लाख 20 हजार धरा. त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पॉलिसीवर कर्ज मिळतं, व्याज दहा टक्क्यांच्या आसपास. सावकाराचे पैसे एकरकमी द्या, चिठ्ठी परत घ्या. आधी टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) काढा, मगच पॉलिसीचे हप्ते थांबवा. ते 48 हजार आणि वाचलेलं व्याज या कर्जात भरलंत, तर सव्वा-दीड वर्षात मोकळे व्हाल.

तुमच्या झुलींना मशीन लागतच नाही. घरच्या मशीनमध्येही घालू नका. केसांनी पंप तुंबतो. कोरड्या झुलीवरून आधी खरारा फिरवा, केस आणि वाळलेली घाण निघू द्या. चामडी पट्टे सोडवून ओल्या फडक्याने पुसा, तेल लावा. लोकरीच्या झुलीला थंड पाणी आणि रिठा. पाणी न शिरणाऱ्या झुलीला गरम पाणी, धुण्याची पावडर, ब्लीच अजिबात नको: वरचा लेप जातो, मग पाऊस आत शिरतो. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, कारण उरलेल्या साबणाने घोड्याची कातडी खाजते. पिळू नका, सावलीत बांबूवर टाका. वरातीची मखमली, जरीची झूल पाण्यात घालूच नका. घाम वाळला की मऊ ब्रश, बस्स. सगळं खडखडीत वाळल्यावरच कडुलिंबाच्या पाल्यासकट बांधून ठेवा. आणि एका घोड्याची झूल दुसऱ्यावर घालू नका. गजकर्ण त्यातूनही पसरतं, माणसालाही होतं.