शब्दकोड्यातनं केमिस्ट्री शिकणाऱ्याला

अरे दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सगळं इंग्लिश, त्यात केमिस्ट्री, म्हणून घाबरालास ते कळतंय मला. पिरियॉडिक टेबल घोकत बसू नको, सिम्बॉल जुळवून गावांची इंग्लिश स्पेलिंग करून बघ. निपाणी एकदम सोपं, निकेल (Ni), प्रोटॅक्टिनियम (Pa), परत निकेल (Ni). पुणे म्हणजे प्लुटोनियम आणि निऑन. चिकोडी शेवटच्या डी-आयला अडकते. आणि बेळगावचं २०१४ नंतरचं सरकारी स्पेलिंग (Belagavi) बसतंय बघ पूर्ण, बेरिलियम, लँथॅनम, गॅलियम, व्हॅनेडियम, आयोडीन (जुनं बसत नाही, पण तो वाद इथं नको).

पण नुसती गावं जुळवून मार्क पडत नाहीत, खरी मजा शब्दकोड्याचे क्ल्यू लिहिण्यात आहे, म्हणजे प्रत्येक सिम्बॉलला एक ओळ, त्यात नाव किंवा अॅटॉमिक नंबर द्यायचा नाही, फक्त गुणधर्म. गॅलियमला लिही, "२९.८ डिग्रीला वितळतो, हातावर ठेवला तरी पाणी", म्हणजे आपल्याकडं मे महिन्यात कपाटात ठेवला तरी पातळच. व्हॅनेडियमला "माझा ऑक्साइड सल्फ्युरिक अॅसिडच्या कारखान्यात कॅटॅलिस्ट". आयोडीनला "तापवलं की जांभळी वाफ". असा क्ल्यू लिहायला टेक्स्टबुकचं पान उघडावंच लागतंय, मग पाठांतर आपोआप होतंय.

मोल कन्सेप्टला (अणू-रेणू मोजायचं प्रकरण) मात्र कोडी चालत नाहीत, तिथं गणितंच सोडव. आणि क्ल्यू इंग्लिशमधनंच लिही, परीक्षा त्यातच आहे.