गोव्यात आदिवासींच्या जमिनीवर प्रकल्प येतो तेव्हा त्यांच्या वतीने कोण बोलतं?

आमच्या वतीने माझा चुलतभाऊ बोलला. दक्षिण गोव्यातल्या काणकोणचा, आमच्यासारखाच वेळीप जमातीचा, राखीव प्रभागातून पंचायतीवर निवडून आलेला पंच. कागदावर याहून चांगला प्रतिनिधी शोधूनही सापडणार नाही.

डोंगरावरचे काजू आजीने लावलेले. पण जमिनीच्या नोंदीत, एक-चौदाच्या उताऱ्यावर, वनखात्याचं नाव, म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आमचा दावा. ग्रामसभेला गेलो तर दारातच हजेरीवही पुढे केली. आईने अंगठा दिला, मी सही ठोकली. विषयपत्रिकेत गटार, पथदीप, शाळेचं छप्पर. चहा-भजी झाली, अर्धे लोक उठले, आणि 'आयत्या वेळचा विषय' म्हणून दादाने, म्हणजे त्याच चुलतभावाने, डोंगरावरच्या रस्त्याचा ठराव घाईघाईत वाचला. वर घरं नाहीत, रिसॉर्ट येणार होतं. महिन्याने इतिवृत्त हातात पडलं: 'सर्वानुमते मंजूर'. सोबत हजेरीचीच पानं जोडलेली. आईचा अंगठा पुसट, पण आहे.

दादा म्हणतो, "तू होतास ना तिथं? मग तोंड का उघडलं नाहीस?" मी बाहेर काजूबियांचा भाव विचारत उभा होतो. खरं ते खरं.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर वनहक्काच्या विषयाला असली ग्रामसभा चालतच नाही. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत दोन तृतीयांश आदिवासी. आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं नाव इथे काढू नका, तो राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रापुरता आणि गोव्यात तसलं क्षेत्रच नाही. गावडा, कुणबी, वेळीप यांना जमातीचा दर्जा मिळाला तोच २००३ मध्ये, आणि २०२२ च्या निवडणुकीतही विधानसभेच्या ४० जागांपैकी आमच्यासाठी राखीव एकही नव्हती. प्रतिनिधी आपल्या जातीचा असला म्हणजे झालं, हे मला पटत नाही.

सही करताना पुढे 'फक्त हजेरी' असं लिहा. विरोध लेखी द्या, सचिवाकडून पोच घ्या. कोमुनिदादची, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या सामायिक मालकीची जमीन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गावकारांची, म्हणजे त्या घराण्यांतल्या वारसांची सभा ठरवते. त्यातलं मी सांगत नाही. आणि हो, सगळेच पंच असे नसतात.

दादा, तूही इथे वाचतोस हे ठाऊक आहे. मी बाहेर होतो, कबूल. पण रस्त्याचा विषय आधीच्या नोटिशीत का नव्हता, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.