पालापासून घरकुलापर्यंत: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पालावर, पुलाखाली, स्टेशनच्या आवारात राहणाऱ्या आदिवासी आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांच्या घरांविषयी सोलापूर परिसरातून आलेली काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: अक्कलकोट रोडलगतच्या माळावर पारधी कुटुंबांची चौदा पालं आहेत. त्यांना घरकुलं मिळावीत म्हणून आमचं मंडळ धडपडतंय. एका कार्यालयात गेलो की दुसऱ्याचं दार दाखवतात, तिथून तिसऱ्याचं. नेमकं जायचं कुठं?

उत्तर: दार ठरवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. कुटुंबाची जमात कोणती आणि पाल कोणाच्या हद्दीत आहे?

नुसतं ‘पारधी’ म्हणून भागत नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. त्यांचा अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, शबरी घरकुल योजनेतून. राजपारधी आणि पाल पारधी मात्र विमुक्त जातींच्या यादीत आहेत, कैकाडी आणि वडारांसारखे. त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे आणि तिचं काम इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांकडून चालतं. एकाच माळावर दोन्ही प्रकारची कुटुंबं सापडतात. कधी तर चुलत भावांचे दाखलेही वेगवेगळे निघतात. चौदा जणांचा एकच अर्ज केलात तर तो पहिल्याच टेबलावरून परत येणार, हे धरून चाला.

हद्दीचंही तसंच. मुक्त वसाहत ग्रामीण भागासाठी आहे. पाल महापालिकेच्या हद्दीत असेल तर शहरी आवास योजना आणि तिचे निकष लागू होतात. तोच रस्ता, पण ग्रामपंचायतीचा फलक ओलांडला की सगळे कागद बदलतात. तलाठ्याकडून गट क्रमांक काढून घ्या, अंदाजावर राहू नका. पीएम-जनमन या केंद्राच्या आदिवासी योजनेचे फॉर्म भरत बसू नका. महाराष्ट्रात ती योजना कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींपुरती आहे.

त्यानंतर नावानिशी यादी करा. प्रत्येक कुटुंबाची एक फाईल आणि वर एक पान: माणसं किती, जमात, कोणता कागद आहे, कोणता नाही, तो कोणाकडे अडकलाय, पुढची तारीख काय. यादीची तीच प्रत तहसील, पंचायत समिती, प्रकल्प कार्यालय आणि सहायक संचालक यांना द्या. चार संस्थांनी चार सर्वेक्षणं केली की एका कुटुंबाचं नाव तीनदा येतं, शेजारच्याचं एकदाही नाही, आणि संशय मात्र सगळ्यांवर बसतो. महिन्यातून एकदा प्रांताधिकाऱ्यांकडे या खात्यांची बैठक लावून घ्या आणि तिथं योजनेवर भाषणं नकोत, फाईल घेऊन बोला. पालावरच्या दोन बायका बैठकीत असू द्या. कोण कुठल्या पालात राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

सर्वेक्षणाची वेळही बघा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्चच्या आत परतत नाहीत. आषाढीला काही जण पंढरपुरात असतात, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत. तेव्हा मोजणी केली की कागदावर ‘स्थलांतरित’ शेरा पडतो आणि नाव यादीतून उडतं.

प्रश्न: जातीचा दाखला मागायला गेलं की १९५० चा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? — अक्कलकोट तालुक्यातील एक शिक्षिका

उत्तर: तारखांमध्ये आधीच घोळ होतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. राजपारधी कुटुंबाकडे १९५० चा कागद मागितला जात असेल तर तिथंच नम्रपणे अडवा. ती अकरा वर्षं फार मोलाची असतात.

पुरावा स्वतःचाच हवा असं नाही. वडील, चुलते, आजोबा, आत्या, वडिलांकडच्या कोणत्याही रक्ताच्या नातेवाइकाचा चालतो. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून जोडायची. सोलापुरात शोधायला एक जागा आहे. ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली या लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं, त्यातली एक वसाहत इथं होती. आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. कुंपणातून सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्या काळात तिथल्या शाळेत घातलेल्या पोरांची नावं जनरल रजिस्टरमध्ये जातीसकट असू शकतात. ज्या नोंदीनं आजोबांवर शिक्का मारला, तीच नातवाला घर मिळवून देते. याशिवाय कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि नातेवाइकाला आधी मिळालेला दाखला हेही तपासा. काहीच हाती लागलं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे गृहचौकशीसाठी लेखी अर्ज द्या: मंडळ अधिकारी वस्तीवर येऊन जबाब घेतील, बोली-चालीरीतींची नोंद करतील. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही. अर्जाची पोच घ्या.

इथं आडनावाची अडचण ठरलेली. पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण ही पारध्यांत सर्रास आढळणारी आडनावं. ‘ही तर मराठ्यांची आडनावं’ म्हणून फाईल बाजूला पडते. म्हणून नातेवाइकाचा दाखला अर्जात सगळ्यात वर लावा. घरकुलासाठी साधारणतः दाखला पुरतो. वैधता प्रमाणपत्र शिक्षण, नोकरी आणि निवडणुकीसाठी. दोन्हींची गल्लत करून लोक वर्षभर उगाच थांबतात.

आधार नसेल तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) ठरावीक नमुन्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. तीन महिन्यांत वापरावं लागतं. रेशनकार्डावर ‘मंगल’, आधारवर ‘मंगलबाई’, बँकेत ‘मंगला’ असं असेल तर घरकुलाचा हप्ता खात्यात जमा होत नाही. हे सगळं मंजुरीच्या आधी एकसारखं करून घ्या. सगळे कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. पाल जळतं, वाहून जातं, उठवलं जातं. पत्र्याच्या पेटीचा भरवसा नाही.

प्रश्न: घरं मंजूर आहेत, पण जागाच नाही. गायरानावर बसलेल्यांना नोटीस आली आहे आणि ग्रामसभेत गावाचा विरोध आहे. — दक्षिण सोलापूरमधील एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर: आमच्या मते खरा तिढा इथंच आहे. घराचा पैसा एकवेळ मिळतो, जागा मिळत नाही.

मुक्त वसाहतीत कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर, वीस कुटुंबांची एक वसाहत. म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर. एवढी सरकारी जागा एका तुकड्यात मिळणं कठीण, आणि मिळते ती बहुधा ओढ्याकाठी किंवा गावापासून दूर माळावर. मंजुरीपूर्वी पाण्याचा आणि रस्त्याचा मुद्दा लेखी घ्या. शबरी किंवा पंतप्रधान आवास योजनेतल्या एकट्या कुटुंबाला जागा विकत घ्यायची असेल तर दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत १ लाख रुपये मिळतात. शहरालगत तेवढ्यात काही होत नाही, आडगावी होतं.

गायरानाबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात अतिक्रमणं काढायला सांगितलं हे खरं, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस आली की गप्प बसू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पर्यायी जागेची मागणी त्याच कागदात करा. १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहत असाल तर गाव नमुना १-ई मध्ये नोंद आहे का पाहा. ही अतिक्रमणाची नोंदवही. जिच्यात नाव नको वाटतं, तीच इथं जुन्या वास्तव्याचा पुरावा ठरते.

गावाचा विरोध ठरावाने मोडत नाही. ग्रामसभेच्या आधी सरपंच, पोलीस पाटील आणि वस्तीतले कर्ते यांना एकत्र बसवा. गावकऱ्यांना चोरीची भीती असते आणि पारध्यांना चोरी झाली की आपल्यालाच उचलतील याची. दोन्ही उघड बोलल्या जाऊ द्या. धमकी किंवा पाणी तोडण्यापर्यंत मजल गेली तर फासेपारध्यांना १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण आहे. राजपारध्यांना ते नाही. यादीतला हा फरक अशा वेळी फार टोचतो.

प्रश्न: स्टेशनबाहेरची कुटुंबं महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात का जात नाहीत?

उत्तर: लाखामागे एक निवारा, त्यात किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट, हा शहरी बेघरांसाठीचा निकष. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पण निवारे मुख्यतः एकट्या माणसांचा विचार करून बांधलेले असतात. बाप्ये एकीकडे, बाया दुसरीकडे. कोंबड्या-शेळ्या आणि भंगाराचं पोतं बाहेर. ते पोतं म्हणजे उद्याची भाकरी. कुटुंबासाठी वेगळी खोली आणि सामानाला कुलूपबंद जागा मिळत असेल तरच तिकडे पाठवा. निवाऱ्याचा एक उपयोग मात्र मोठा आहे. तिथली नोंद आधार आणि रेशनसाठी कामी येते.

प्रश्न: घर बांधून दिलं, कुलूप लावून कुटुंब परत पालावर गेलं. असं का?

उत्तर: बहुतेक वेळा घर अर्धवट असतं. घरकुलाच्या १ लाख २० हजारांचे हप्ते टप्प्याटप्प्याने येतात: जोतं, मग लिंटेल, मग छत, आणि प्रत्येक टप्प्यावर जिओ-टॅग फोटो. पहिल्या हप्त्यात जोतंही पुरं होत नाही. उधार सिमेंट कोणी पारध्याला देत नाही. तेव्हा मंडळाने पैसे वाटण्यापेक्षा दुकानदाराकडे जामीन राहावं. रोजगार हमीच्या मस्टरवर ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. ते मागितल्याशिवाय येत नाहीत.

दुसरं कारण शेजार. एकाच कुळातली पालं वेगवेगळ्या टोकांना टाकली, किंवा जुनं भांडण असलेल्यांना समोरासमोर घरं दिली, की महिन्यात कुलूप. प्लॉट वाटण्याआधी वस्तीला विचारा आणि मगच नकाशावर नावं टाका. शेळ्यांसाठी मागे जागा, वीजमीटर घरातल्या बाईच्या नावावर आणि पोरांचा शाळाप्रवेश राहायला येण्याच्या आधी. घरपट्टीची पहिली पावती फाडून घ्यायला विसरू नका. पुढचा प्रत्येक दाखला तिच्या जोरावर निघतो.