आरोपीच्या घरी जाऊन काय बघायचं?

प्रश्न : मी देवगडची, वय 24. समाजकार्याची पदवी झाली आहे. कारागृह शिपायाच्या भरतीला उतरू की परिविक्षा अधिकारी होण्यासाठी अभ्यास करू, हे ठरत नाही. आई म्हणते, दोन्हीकडे गाठ गुन्हेगारांशीच. तुम्ही रत्नागिरीत परिविक्षा अधिकारी होतात. हे काम नेमकं असतं कसं?

उत्तर : आईची काळजी रास्त आहे. पण ही दोन कामं अगदी वेगळी आहेत.

कारागृह शिपाई गृहखात्याचा. बारावीनंतर पोलीस भरतीबरोबर ही भरती निघते. मैदानी चाचणी, गणवेश, पाळ्या. रत्नागिरीचं विशेष कारागृह घे नाहीतर सावंतवाडीचं, दिवस कैद्यांच्या मोजणीने उघडतो नि मोजणीनेच मिटतो. संध्याकाळी बराकी बंद करताना आकडा जुळेपर्यंत कुणी हलत नाही. महिला विभागाचा पहारा बायकांकडेच असतो आणि त्या मोजक्याच असतात, म्हणून ऐन गणपतीत रजा मिळेलच असं धरून चालू नकोस.

परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा. परिविक्षा म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणं आणि त्याच्यावर देखरेख ठेवणं. आमचं काम 1958च्या अपराधी परिविक्षा कायद्यावर चालतं. एकवीस वर्षांखालचा मुलगा दोषी ठरला आणि त्या गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर त्याला तुरुंगात धाडायचं की नाही हे ठरवण्याआधी न्यायालयाने आमचा अहवाल मागवायचा असतो. त्या चार पानांसाठी त्याच्या घरी जावंच लागतं. पोलिसांच्या कागदावरून उतरवलेला अहवाल मी अहवाल मानत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा या मासेमारी बंदरातलं एक घर सांगते. मुलगा ट्रॉलरवर खलाशी, चोरीत सापडलेला. आईने मासळीची टोपली बाजूला सारली, हात धुतले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सावकाराच्या हिशेबाची वही. चोरी जुलैतली होती. जून-जुलै मासेमारी बंद, हातात पैसा नाही, आणि वहीत त्याच महिन्यांतली उचल. याने गुन्हा माफ होत नाही, पण पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते कळतं. मी बंदीच्या महिन्यांत त्याला कुठे काम मिळेल याची चौकशी केली, तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी बोलले आणि तेच अहवालात लिहिलं. न्यायालयाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर सोडलं. पुढे तो ठरल्या दिवशी माझ्याकडे हजेरीला यायचा, मिठाच्या पाण्याने हात फुटलेले. कायद्याने नोकरी मिळवून द्यायला मदत करणं हेही आपलं कर्तव्यच आहे, ते विसरू नकोस.

वाडीत शिरताना ओळखपत्र गळ्यात मिरवू नकोस. शेजाऱ्यांना आपण कोण ते कळलं की त्या घराची अब्रू जाते, आणि अहवाल गोपनीयच असतो.

सगळेच मुलगे असे सुधारत नाहीत. काही परत आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात आणि ते फार लागतं. कागदपत्रांचं ओझं आहे, लांबच्या गावी एसटीने जाऊन यायला दिवस मोडतो, अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या तारखा वेगळ्याच.

तुझं समाजकार्याचं शिक्षण इथे खरंच उपयोगी पडेल, म्हणून मी परिविक्षेकडेच बोट दाखवीन. फॉर्म भरण्याआधी ओरोसला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा आणि गृहभेटीला सोबत येऊ देतील का ते विचार. जमल्यास आईलाही कार्यालयापर्यंत घेऊन जा; तिथे कामाला असलेल्या बायकांशी ती स्वतः बोलेल.