क्रीडा शंका-समाधान : आठ सेकंदांत काय काय उरकायचं?

प्रश्न : फुटबॉलमध्ये गोलकीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. हा नियम 2025-26 च्या हंगामापासून आला. नियम बदलला की व्यावसायिक खेळाडूनं लगेच बदललं पाहिजे, असं समालोचक सांगतात. वर्षानुवर्षांची सवय अशी लगेच सुटते का? (एक वाचक, खडकी)

उत्तर : सुटायलाच हवी, त्याचेच तर पैसे मिळतात. 1992 मध्ये सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू कीपरनं हातात घ्यायला बंदी आली. त्याच उन्हाळ्यात डेन्मार्कनं युरो (युरोपीय अजिंक्यपद) जिंकताना आपला कीपर पीटर श्मायकेलकडे चेंडू मागे देत देत अंतिम सामन्यातला वेळ काढला होता. काही आठवड्यांत ती सोय कायमची गेली. ज्या कीपरना पायानं खेळता येत नव्हतं, त्यांची पंचाईत झाली.

मात्र नियम पाठ असणं वेगळं आणि दमलेल्या शरीरानं तो पाळणं वेगळं. आठ सेकंदांची मोजणी चेंडूवर स्पष्ट ताबा आल्यावर आणि प्रतिस्पर्धी आडवा येत नसेल तेव्हाच सुरू होते. पहिले तीन सेकंद रेफरी मनात मोजतो, शेवटचे पाच हात वर करून दाखवतो. चेंडूचे टप्पे पाडले किंवा तो वर उडवून झेलला, तरी ताबा कीपरचाच. शून्य झालं की कीपर ज्या बाजूला जवळ असेल तिथून कॉर्नर. पूर्वी सहा सेकंद होते आणि शिक्षा होती पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, इनडायरेक्ट फ्री किक (तिच्यावरून थेट गोल धरत नाहीत). ती इतकी जड वाटे की रेफरी द्यायलाच कचरत, आणि कीपर निवांत राहत.

चूक बहुतेक वेळा एकट्या कीपरची नसते. क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेला चेंडू, झेलून तो त्यावर आडवा होतो, दोन-तीन सेकंद तिथेच जातात. उठून बघतो तर दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) पाठ फिरवून चालत निघालेले. द्यायचा कुणाला? म्हणून सराव अख्ख्या बचावफळीचा घ्यावा. दहा क्रॉस टाका. कीपरनं दुसऱ्या सेकंदाला उभं राहायचं, चौथ्यापर्यंत दोन्ही बाजूंना नजर टाकायची, सहाव्याला चेंडू सोडायचा. तोवर फुलबॅकनी टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेपर्यंत, पसरायचं. प्रशिक्षकानं हात वर करून शेवटचे पाच मोजायचे, आणि शून्य झालं तर नुसतं ओरडायचं नाही, तिथल्या तिथे कॉर्नर घ्यायला लावायचा. कॉर्नरवर गोल खाल्ला की फुलबॅक आपोआप पळायला लागतात! हा सराव सत्राच्या शेवटी घ्या. ताज्या पायांवर सगळ्यांनाच जमतं. वेळ संपत आली तर चेंडू पायाशी टाकता येतो. मोजणी थांबते, पण दुसऱ्या कुणी स्पर्श केल्याशिवाय तो परत हातात घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक.

प्रश्न : गोल किकला (आपल्या गोलसमोरून चेंडू खेळात आणताना) आमची मुलं अजून चेंडू पेनल्टी एरियाबाहेर यायची वाट बघतात. (एक प्रशिक्षक, कोथरूड)

उत्तर : 2019 पासून वाट बघायची गरज नाही. लाथ बसून चेंडू स्पष्ट हलला की तो खेळात आला. तोपर्यंत प्रतिस्पर्ध्यानं एरियाबाहेर राहायचं. बाहेर पडायला वेळच मिळाला नसेल, तर खेळ चालू राहतो. मुलांच्या फॉरवर्डला एवढंच सांगा, की पाय चेंडूला लागताना बघून धाव घे, चेंडू रेषा ओलांडेपर्यंत थांबू नकोस. पहिल्या पासवरच दडपण येतं.

प्रश्न : मग बदल लागू करायची घाई करणाऱ्यांचा काहीच दोष नाही का? आणि स्थानिक लीगमध्ये कुठले नियम धरायचे? (एक खेळाडू, पिंपरी)

उत्तर : दोष असतो. पेनल्टी मारली जाताना कीपरचा निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर हवा, हा बदल 2019 मध्ये 1 जूनला लागू झाला आणि महिलांचा विश्वचषक 7 जूनला सुरू झाला. अर्जेंटिनाविरुद्ध स्कॉटलंड 3-0 असं पुढे होतं, मग 3-2 झालं. इंज्युरी टाइममध्ये स्कॉटलंडची कीपर ली अलेक्झांडरनं पेनल्टी अडवली, पण व्हीएआरमध्ये (व्हिडिओ रेफरीच्या तपासणीत) ती रेषेपुढे आल्याचं दिसलं. पेनल्टी पुन्हा घेतली, गोल झाला, 3-3 झालं आणि स्कॉटलंड बाहेर पडलं. इतक्या कमी दिवसांत उडीची ढब बदलत नसते. आमच्या मते तिथे खेळाडूपेक्षा नियम राबवणारे जास्त चुकले.

आता कीपरना ती सबब नाही. गोलरेषेच्या सरळ रेषेत, खांबाबाहेर फोन लावून चित्रण करा आणि लाथ बसते ती फ्रेम थांबवून बघा. दोन्ही पायांनी एकदम पुढे झेपावणारा कीपर जवळजवळ नेहमीच पकडला जातो. पुढचा पाय तिरका टाकायचा, मागचा रेषेवर ठेवून त्याच्यावर जोर घ्यायचा.

लीगचं म्हणाल, तर नवे नियम दरवर्षी 1 जुलैपासून धरतात. त्याआधी सुरू झालेल्या स्पर्धेला ते आधीच लागू करता येतात किंवा पुढच्या हंगामापर्यंत लांबवता येतात. म्हणून पीडीएफए (पुणे जिल्हा फुटबॉल संघटना) लीग असो की गल्लीतली सेव्हन-अ-साइड, पहिल्या सामन्याआधी संघ व्यवस्थापकानं आयोजकांना लेखी विचारावं : कुठल्या हंगामाचे नियम, बदली खेळाडू किती, बाहेर गेलेला परत येऊ शकतो का. उत्तराची प्रत कर्णधाराकडे ठेवा.