मुलीच्या शिक्षणाची ठेव आणि आठ जुनी पेनं

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाच लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटते आहे, आणि परदेशी निघालेले एक परिचित त्यांची आठ जुनी फाउंटन पेनं पाच लाखांना एकगठ्ठा द्यायला तयार आहेत. त्यात एक माँब्लां १४९, माँब्लांचंच एक हेमिंग्वे, दोन पार्कर ५१, बाकी पेलिकन आणि शेफर. ठेव मुलीच्या शिक्षणाची. ती नववीत आहे, म्हणजे पैसे चार वर्षांत लागणार. तोवर भाव वाढेल, मग विकू, असा तुमचा विचार. वडिलांचं पार्कर ५१ अजून कपाटात जपून ठेवलंय, हेही लिहिलंत.

या पैशातून ही पेनं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाव वाढतच नाहीत, असं नाही. माँब्लांने लेखकांच्या नावाची मालिका १९९२ मध्ये हेमिंग्वेपासून सुरू केली. त्या पहिल्या पेनाला आज मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येतो. पण त्यामागून आलेल्या सगळ्याच लेखकांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. १४९ तर १९५२ पासून आहे आणि आजही दुकानात नवं मिळतं, त्यामुळे बहुतेक जुन्यांचा भाव नव्याकडे बघूनच ठरतो. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये आणि लाखोंनी खपलं. पेन अप्रतिम, पण दुर्मीळ नाही. म्हणजे तुमच्या गठ्ठ्यात खरा भाव खाणारं पेन एकच आहे आणि बाकीची सात त्याच्या जोरावर विकली जातायत.

आता आकडे बघू. पाच लाख ७ टक्क्यांनी चार वर्षं ठेवले तर साधारण ६ लाख ५५ हजार होतात, त्यातून व्याजावरचा कर जाईल. पेनं विकताना समोरचा व्यापारी स्वतःचा नफा धरूनच घेणार. बाजारभावाच्या ३० टक्के कमी मिळाले असं समजू. मग हातात तेवढेच ६ लाख ५५ हजार पडायला गठ्ठ्याचा बाजारभाव ९ लाख ३५ हजारांच्या घरात जायला हवा. चार वर्षांत जवळजवळ दुप्पट! आणि कॉलेजची फी भरायची तारीख गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

शिवाय पेन पडून राहिलं तरी झिजतं. जुन्या पेनांतली रबराची पिशवी कडक होऊन तडकते, शाई आत वाळून बसते, सेल्युलॉइड म्हणजे जुन्या पेनांचं प्लास्टिक आक्रसतं. टोपणाच्या कडेला केसासारखी चीर असली तरी किंमत घसरते, आणि ती चीर फोटोत दिसत नाही. निबेत सोनं असतं खरं, पण इतकं थोडं की त्या आधारावर काही हिशोब करू नये.

तरीही मन मानत नसेल तर त्या परिचितांना एकच विचारा: 'यातलं एक पेन सहा महिन्यांनी परत घ्याल का, आणि कितीला?' हाच प्रश्न पेनांची खरेदी-विक्री करणाऱ्या एखाद्या दुकानदारालाही विचारा. जो आकडा ऐकाल ती त्या पेनाची आजची खरी किंमत.

छंद सोडा असं मी अजिबात सांगत नाही. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या माणसाला त्यातलं सुख मी वेगळं काय सांगणार? ठेव पुन्हा चार वर्षांसाठी ठेवा. महिन्याला दोन-तीन हजार वेगळ्या खात्यात टाका आणि वर्षाकाठी त्यातून एक पेन घ्या, हातात धरून, लिहून बघून, एकेकटं. ते विकायचं आहे हे डोक्यातून काढून टाका.

आणि सुरुवात वडिलांच्या पेनापासून करा. मागची दांडी हलक्या हाताने फिरवून बघा, जोर लावू नका. आत दाबायची पट्टी असलेली धातूची नळी दिसली, तर ते १९४८ किंवा नंतरचं आहे आणि त्याची पिशवी बहुधा अजून शाबूत असेल. साधं पाणी भरून सोडत राहा, गरम नको. पहिल्यांदा निळं पाणी येईल, दुसऱ्या दिवशीही येईल. ते स्वच्छ यायला लागलं की शाई भरा. दांडी निघत नसेल आणि टोकाच्या छोट्या टोपणाखाली दट्ट्या असेल तर मात्र आतला रबराचा पडदा बदलावा लागेल, तेव्हा ते जाणत्या कारागिराकडेच द्या.